तारीख घालून लिही

पुणे, 20 ऑगस्ट 2025

चि. भाचीस,


तुझी मेल वाचली. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार चॅटबॉटला काय विचारतात आणि मिळालेल्या उत्तराचं पुढे काय करतात, हा तुझा विषय. 2023 मध्ये नोंदणी केलीस तेव्हा बॉट मराठीत अडखळत होता. आता तो पानाचा फोटो बघून रोगाचं नाव सांगतो, वर बोलूनही दाखवतो. पहिल्या हंगामात जमवलेलं सगळं तुला शिळं वाटायला लागलंय. त्यात समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, 'हे जरा स्थिरस्थावर होऊ द्या, मग अभ्यास करा.' आणि तू विचारतेस, 'मावशी, विषय बदलू का?'

विषय बदलू नकोस. शीर्षक बदल. त्यात बॉटचं नाव आणि 'अद्ययावत' हा शब्द आहे, ती दोन्ही काढ. बाकी बरंच काही शाबूत राहील. का, ते सविस्तर सांगते.

आधी त्या ज्येष्ठांचं म्हणणं घेऊ, कारण ते वेडगळ नाही. नव्या गोष्टीवर घाईने लिहिलेलं बरंचसं टाकाऊ निघतं, हे त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलंय. पण डेव्हिड कॉलिंग्रिज यांनी 1980 सालच्या आपल्या पुस्तकात एक पेच मांडलाय तो त्यांना सांग. तंत्रज्ञान कोवळं असतं तेव्हा त्याला वळण लावता येतं, पण त्याचे परिणाम ठाऊक नसतात. परिणाम कळेपर्यंत ते इतकं मुरलेलं असतं की वळवणं महाग पडतं. म्हणजे सगळं निवल्यावर अभ्यास करणाऱ्याच्या हाती पश्चात्ताप करण्याजोगी माहिती येते. शिवाय 'आधी काय होतं' हे नंतर कुणालाच नीट आठवत नाही. ते आजच कुणीतरी लिहून ठेवावं लागतं, आणि ते काम तू पत्करलंयस.

आता वेगाचं. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं 30 नोव्हेंबर 2022 ला. त्या वर्षी जून-जुलैत 'चॅटबॉट' हा विषय घेऊन बसलेल्यांचा कोर्सवर्क संपायच्या आत विषयच पालटला. गेल्या पंधरवड्यातलं तर ताजंच आहे: 7 ऑगस्टला जीपीटी-5 आलं, आदल्या दिवसापर्यंत लोक वापरत होते ते मॉडेल यादीतून गायब झालं, आणि ओरडा झाल्यावर पैसे भरणाऱ्यांसाठी ते परत आणावं लागलं. विद्यापीठाच्या एका बैठकीची तारीख ठरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे सगळं घडून गेलं. ही शर्यत तुला जिंकता येणार नाही, म्हणून तिच्यात उतरूच नकोस. बॉट किती हुशार आहे हे मोजण्यात कंपन्या आणि मोठ्या प्रयोगशाळा तुझ्या पुढेच राहणार. निफाडच्या एखाद्या बागेत बापाच्या शंकेवर मुलगा फोन काढतो तेव्हा निर्णय कुणाचा चालतो, हे मात्र त्यांच्यापैकी कुणीही बघायला येणार नाही.

यंत्र जुनं झालं की अभ्यासही जुना होतो हा तुझा समज दोन उदाहरणांनी दूर होईल असं वाटतं.

पहिलं अमेरिकेतलं. आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमधल्या 259 शेतकऱ्यांना ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी विचारलं की संकरित मक्याचं बियाणं तुम्ही कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतलंत. 1943 साली तो निबंध छापून आला. त्यातलं बियाणं आज कुणी पेरत नाही. पण निष्कर्ष असा होता की बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली, आणि ते पेरायचं मनावर घेतलं ते मात्र शेजाऱ्याचं पीक बघून. नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात याबद्दल एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 मध्ये जी मांडणी केली, तिच्या मुळाशी हा मका आहे. तुझ्या भागात विक्रेत्याच्या जागी कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आहे, शेजाऱ्याच्या जागी व्हॉट्सॲप ग्रुप. या दोघांच्या मध्ये आता बॉट येऊन बसलाय. तो खबर देणारा आहे की खात्री पटवणारा? हा प्रश्न कुठल्याही आवृत्तीने बाद होत नाही.

दुसरं केरळचं. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या उत्तर किनाऱ्यावरच्या तारली पकडणाऱ्या मच्छीमारांचा अभ्यास केला, तो 2007 साली प्रसिद्ध झाला. एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी टाकून द्यायची, आणि थोड्याच अंतरावरच्या दुसऱ्या बंदरावर मासळी मिळत नाही म्हणून भाव चढलेला, असं चाललेलं होतं. मोबाइल आल्यावर मच्छीमार समुद्रातूनच भाव विचारू लागले. बंदराबंदरांतल्या भावांतली तफावत आटली, वाया जाणारी मासळी जवळपास थांबली, मच्छीमारांचा नफा सरासरी 8 टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी 4 टक्क्यांनी स्वस्त पडली. ते बटणांचे फोन आज भंगारात आहेत, निबंध अजून वर्गात शिकवला जातो. त्याचं कारण त्याच्या आखणीत आहे. मोबाइल सेवा तिथे सगळीकडे एकदम आली नाही. कोझिकोडला 1997 मध्ये, कण्णूरला 1998 मध्ये आणि कासरगोडला 2000 मध्ये ती पोचली. जेन्सनची आठवड्या-आठवड्याची मोजणी 1996 मध्येच, म्हणजे टॉवर उभे राहायच्या आधी, सुरू झालेली होती. फोन येण्याआधीचं चित्र हाती होतं आणि फोन न पोचलेलं बंदर तुलनेला होतं, म्हणून तो ठामपणे बोलू शकला. पुढे जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी केरळच्या मच्छीमारांकडे पुन्हा जाऊन दाखवलं की फोनचा उपयोग झाला तो तिथल्या किनाऱ्यावरच्या लिलावाच्या पद्धतीत आणि देण्याघेण्याच्या नात्यांत. दुसरीकडे हेच घडेल असं धरून चालू नये. एका चांगल्या अभ्यासाला दुसऱ्या चांगल्या अभ्यासाने घातलेली ही मुरड आहे. दोन्ही वाच.

तुझ्याकडे अजून असं 'आधीचं' शिल्लक आहे. सगळ्या गावांत, सगळ्या वयांत बॉट सारखा पोचलेला नाही. यंदा मे महिन्यात कृषी विभागाचं महाविस्तार ॲप आलंय, ते कुणाच्या फोनवर आहे आणि कुणाच्या नाही, हेही बघ. जिथे अजून सल्लागार आणि दुकानदार यांचाच शब्द चालतो तिथली नोंद आत्ता करून ठेव. दोन वर्षांनी ती विकत मिळणार नाही.

इथवर माणसांचं झालं. यंत्राच्या बाजूने दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा असा की जे मोजतेस तेच नव्हे, ज्याने मोजतेस तेही बदलत असतं. गूगलने 2008 मध्ये 'फ्लू ट्रेंड्स' काढलं होतं. लोक काय शोधतात त्यावरून तापाची साथ सरकारी आकड्यांच्या आधी ओळखायची, ही कल्पना. 'नेचर'मध्ये निबंध आला, वाहवा झाली. 2012-13 च्या हिवाळ्यात मात्र त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. डेव्हिड लेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली 'सायन्स'मध्ये त्याची चिकित्सा केली. त्यांनी दाखवलेल्या कारणांपैकी एक आपल्या कामाचं आहे: गूगल आपली शोधपेटी सतत सुधारत होतं, लोकांना नवनवे शब्द सुचवत होतं, त्यामुळे लोक काय शोधतात हेच गूगलच्या हातून बदलत होतं. 2015 मध्ये ती सेवा बंद झाली. तुझा बागायतदार गेल्या वर्षी एका ओळीचा प्रश्न विचारायचा आणि यंदा पाच प्रश्न विचारतो, तर त्याची जिज्ञासा वाढली असं लगेच लिहू नकोस. उत्तराखाली बॉट स्वतःच पुढचा प्रश्न सुचवतोय का, ते आधी बघ.

दुसरा खड्डा तू जवळून बघावास म्हणून जरा विस्ताराने सांगते. जुलै 2023 मध्ये स्टॅनफर्ड आणि बर्कली इथल्या तिघांनी एक प्रीप्रिंट टाकला. मार्चमधलं जीपीटी-4 आणि जूनमधलं जीपीटी-4 यांना तेच ते प्रश्न विचारून बघायचे, असा साधा बेत. एक प्रश्न असा: 17077 ही मूळ संख्या आहे का? पायरीपायरीने विचार करून सांग. अशा प्रश्नांत मार्चची अचूकता 97.6 टक्के आणि जूनची 2.4 टक्के भरली. बॉट मठ्ठ झाला म्हणून जगभर बातम्या झाल्या. मग अरविंद नारायणन आणि सायश कपूर यांनी प्रश्नांची यादी तपासली. यादीतल्या सगळ्या संख्या मूळच होत्या! त्यांनी मूळ नसलेल्या संख्या घालून पाहिलं, तेव्हा कळलं की मार्चचा बॉट जवळजवळ कशालाही 'हो, मूळ आहे' म्हणत होता आणि जूनचा जवळजवळ कशालाही 'नाही' म्हणत होता. तपासून ठरवणं दोघांनाही जमत नव्हतं. सवय तेवढी बदलली होती. लेखकांनी पुढच्या आवृत्तीत दोन्ही प्रकारच्या संख्या घेतल्या, तेव्हा आकडे 84 आणि 51 टक्क्यांच्या आसपास आले. बॉट बदलतो हे त्यांचं मूळ म्हणणं खरंच ठरलं, पण किती आणि कसा बदलतो याचा अर्थ यादीतल्या एका उणिवेने उलटापालटा केला होता.

यातून तुझ्यासाठी धडा असा. डावणी झालेल्या पानांचेच फोटो बॉटला दाखवलेस आणि त्याने दर वेळी 'डावणी' म्हटलं, तर त्याला रोग ओळखता येतो हे सिद्ध होत नाही. निरोगी पान दाखव, भुरीचं दाखव, नुसतं औषधाने करपलेलंही दाखव. कुठलं पान कशाचं हे आधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या तज्ज्ञाकडून ठरवून घे. आणि एकच प्रश्न नव्याने संवाद उघडून पुन्हा पुन्हा विचार, कारण ही यंत्रं त्याच प्रश्नाला दर वेळी तेच उत्तर देतील असं नाही. एका उत्तरावर प्रकरण उभारू नये.

या दोन खड्ड्यांखेरीज आणखी एक अडचण मालकीची आहे. ट्विटरने 2021 मध्ये संशोधकांना महिन्याला एक कोटी ट्वीट फुकट घ्यायची सोय दिली आणि मालक बदलल्यावर 2023 मध्ये काढून घेतली. फेसबुकवरच्या सार्वजनिक मजकुराचा माग काढायला वापरायचं क्राउडटँगल हे साधन मेटाने 14 ऑगस्ट 2024 ला बंद केलं. मार्च 2023 मध्ये ओपनएआयने आपलं कोडेक्स मॉडेल तीन दिवसांच्या सूचनेवर बंद करायचं ठरवलं, आणि त्याच्यावर आधारलेले कितीतरी निबंध पुन्हा पडताळून बघणं अवघड होऊन बसलं. आरडाओरड झाल्यावर संशोधकांपुरतं ते चालू ठेवलं. आपल्याकडे 29 जून 2020 च्या रात्री टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी आली आणि खानदेशातल्या, मराठवाड्यातल्या पोरापोरींनी केलेले व्हिडिओ अभ्यासकांच्या समोरून एका रात्रीत नाहीसे झाले. युरोपात डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांकडे डेटा मागायचा हक्क संशोधकांना दिलाय, आपल्याकडे तो नाही. म्हणून कंपनीच्या मर्जीवर प्रबंधाचा एकही खांब उभा करू नकोस. मिळालं तर घे, पण त्यावाचून प्रबंध पुरा झाला पाहिजे. जे पान उद्धृत करशील ते त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हमध्ये साठव. प्यू रिसर्च सेंटरने तपासलं तेव्हा 2013 मधल्या वेबपानांपैकी 38 टक्के पानं दहा वर्षांत नाहीशी झालेली आढळली. जी मॉडेल उतरवून घेता येतात, त्यांतलं एखादं आपल्या संगणकावर जपून ठेव. शेतकरी ते वापरत नसला तरी तुझी तुलना करायला न हलणारी एक खूण राहील.

आता मुख्य सांगायचं ते.

तू नोंदी कशा ठेवतेस यावर तुझ्या कामाचं आयुष्य अवलंबून आहे. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली, तेव्हा मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या त्या वेळचं अस्सल पत्र त्यांनी वरचढ मानलं. तुझ्या शाखेतले पुष्कळ निबंध बखरीच्या वळणाचे असतात: 'चॅटबॉट शेतकऱ्यांना चुकीचा सल्ला देतात.' कुठला बॉट, कुठल्या महिन्यात, कुणाला, कशाच्या उत्तरादाखल? काही पत्ता नाही. तू पत्र लिही. तारीख आणि वेळ. ॲपची आवृत्ती आणि मॉडेलचं नाव. फुकट की पैशाचं. फोन कुणाचा आणि टाइप कोण करतंय. प्रश्न बोलून, देवनागरीत की रोमन लिपीत. आधीचा संवाद चालू होता की नवा. प्रश्न शेतकऱ्याच्याच शब्दांत उतरव. 'डावणी आली, काय मारू?' याचं 'रोगनियंत्रणाविषयी पृच्छा' करून ठेवू नकोस. त्या चार शब्दांत छाटणीनंतरचा दिवस नाही, आदल्या दिवशी पाऊस झाला का ते नाही, आधी काय फवारलंय ते नाही, माल निर्यातीचा आहे की गावच्या बाजाराचा तेही नाही. गावातला सल्लागार हे सगळं आधी विचारून घेतो. बॉटने विचारलं का? नसेल विचारलं, तर बागायतदाराने आपणहून सांगितलं का? शेवटी पंपात काय पडलं? माझ्या मते तुझा प्रबंध इथेच आहे.

मोजमापासाठी घड्याळही तिथलंच घे. आवृत्त्यांच्या मागे धावलीस तर दर दोन महिन्यांनी आखणी मोडेल. बाग आपल्या चालीने चालते: एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि पुढचे दिवस छाटणीपासून मोजायचे. ठरावीक प्रश्नांचा एक संच कर आणि दर हंगामात छाटणीनंतरच्या त्याच त्या टप्प्यांवर विचार, त्याच घरांत जा. मग बॉट मध्येच बदलला तर तो तुझ्या अभ्यासातला व्यत्यय राहत नाही, तीच तुझी एक तुलना होते. पहिल्या हंगामाच्या ज्या वह्या तुला शिळ्या वाटतात, त्या या आखणीत पहिलं वर्ष म्हणून बसतात. फेकू नकोस.

थोडं नीतीबद्दल. फेसबुकने 2012 च्या जानेवारीत आठवडाभर 6,89,003 लोकांच्या पानावरचा मजकूर कमी-जास्त आनंदी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिलं. 2014 मध्ये निबंध आल्यावर गहजब झाला, कारण त्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं. तू विचार, मराठीत विचार, आणि नंतर नको म्हणायची मुभा दे. मुलाखतींची रेकॉर्डिंग फुकट मिळणाऱ्या बॉटमध्ये टाकून उतरवून घेऊ नकोस. कुणाचं कर्ज किती, कुणी बंदी असलेलं औषध मारलं, हे त्यांनी तुला सांगितलंय, कंपनीला नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही सवलत आहे, पण विश्वासाला सवलत नसते. आणि बॉटने 'डावणी'ची 'दावणी' केलेला मजकूर तुलाच दुरुस्त करावा लागेल, मग आपल्या कानांनीच ऐकून उतरव.

लिहिताना वर्तमानकाळ जपून वापर. 'बॉट सांगतो' असं लिहू नकोस. 'नोव्हेंबर 2024 मध्ये या बॉटने सांगितलं' असं लिही. प्रीप्रिंट जरूर वाच, पण कुठली आवृत्ती वाचलीस ते टिपेत टाक. मूळ संख्यांचं प्रकरण विसरू नकोस. व्हायव्हाला कुणीतरी हमखास विचारेल, 'हे तर आता जुनं झालं, नाही का?' 'हो सर, झालं' म्हण, आणि तुझ्या तीन हंगामांत यंत्राचं काय काय जुनं झालं आणि माणसांचं काय जुनं झालं नाही, याचा तक्ता पुढे कर.

आता कामाला लाग. मला दोन पानं पाठव. पहिल्यावर तुझा संशोधनप्रश्न, एकाही ॲपचं नाव न घेता. दुसऱ्यावर नोंदीचा नमुना तक्ता, आणि काय आढळलं तर तुझं म्हणणं खोटं ठरेल ते एका ओळीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठव. त्यानंतर निफाडकडे छाटण्या सुरू होतील आणि बागायतदारांना तुझ्याशी बोलायला दुपारशिवाय सवड मिळणार नाही.

तुझी,
मावशी